“गाडीला मारला होता, बाईला नाही”: लोकलवर दगड मारणाऱ्या मुलाच्या आईला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमच्या मुलाला नुकतीच १२ वर्षं पूर्ण झाली आहेत. रुळांलगतच्या मैदानात तो मित्रांबरोबर खेळायला जातो, आणि तिथून ही मुलं येणाऱ्या-जाणाऱ्या लोकलवर खडी मारतात, हे तुम्हाला शेजारच्या काकूंकडून कळलं. तुम्ही त्याला विचारलंत तेव्हा तो म्हणाला, “अगं आई, गाडी लोखंडाची असते, तिला काय होतंय?” आता तुम्हाला तीन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. हे खरंच किती धोक्याचं आहे, त्याला पोलीस चौकीत नेऊन एकदा चांगलं घाबरवावं का, आणि त्याच्या बाबांना सांगावं का.

मी मुंबईच्या लोकलवर २७ वर्षं मोटरमन होतो, आता निवृत्त झालो आहे. दगड समोरून येताना पाहिला आहे आणि खाल्लाही आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या मुलाच्या वाक्याबद्दल. ते उद्धट उत्तर आहे असं तुम्हाला वाटलं असेल, पण मला ते प्रामाणिक वाटतं. मैदानाच्या कडेला उभं राहून धावती लोकल पाहिली की माणसं दिसतच नाहीत. ताशी ९० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २५ मीटर सरकते. बारा डब्यांची गाडी दहा-अकरा सेकंदांत समोरून संपते. दिवसाउजेडी डब्याच्या आत अंधार असतो, खिडक्या एकापाठोपाठ एक निघून जातात, आणि उरते ती फक्त एक लांबच लांब आवाज करणारी भिंत. मुलाला नेम धरायला आवडतं, हलणाऱ्या वस्तूवर नेम धरायला तर फारच, आणि लागल्यावर ‘ठण्’ असा आवाज येतो. त्याच्या दृष्टीने खेळ तिथे पूर्ण होतो. गाडी निघून गेलेली असते, त्यामुळे पुढे काय झालं ते त्याला कधीच कळत नाही.

माझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगतो. संध्याकाळची गाडी, ठाण्याच्या पुढचा पट्टा. मला काही कळलं नव्हतं, मागून गार्डची बेल आली. पुढच्या स्टेशनात गाडी थांबवली तेव्हा लेडीज डब्यातून आरडाओरडा चालला होता. खिडकीशी बसलेल्या एक बाई मांडीवर पिशवी ठेवून मेथी निवडत होत्या. दगड गजांमधून आत आला आणि त्यांच्या डाव्या डोळ्याखालच्या हाडावर बसला. मेथीच्या जुडीवर रक्त होतं, ते मला आजही आठवतं. त्यांचा डोळा वाचला, पण त्या डोळ्याची नजर पहिल्यासारखी झाली नाही, असं मला नंतर कळलं.

काही दिवसांनी मला जबाबासाठी आरपीएफच्या, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाच्या, चौकीत बोलावलं. तिथे बाकावर एक अकरा वर्षांचा मुलगा बसला होता, शेजारी त्याची आई. तो रडत नव्हता, गोंधळलेला होता. साहेबांनी त्याला बाईंबद्दल सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मी गाडीला मारला होता, बाईला नाही.” आणि मग हळूच विचारलं, “खूप लागलं का त्यांना?” त्या दिवसापर्यंत दगड मारणाऱ्यांचा मला नुसता राग यायचा. त्या पोराकडे पाहून पहिल्यांदा कळलं की तो खोटं बोलत नाही. त्याने खरोखर गाडीलाच मारला होता.

म्हणून तुमचा प्रश्न ‘धोका किती’ असा असला तरी खरी अडचण मला वेगळी दिसते. तुमच्या मुलाला गाडीत माणसं आहेत हे माहीत आहे, पण ती त्याला दिसलेली नाहीत. उपाय त्या अंगाने केला तर टिकेल.

आता धोक्याचा हिशेब. तो मुलाला समजेल असा मांडतो, कारण बाराव्या वर्षी मुलांना क्रिकेट चांगलं कळतं. रुळांखालची खडी म्हणजे आपल्याकडचा काळा बेसाल्ट, धारदार कडांचा. रुळांसाठी वापरतात ती खडी साधारण ६५ मिलिमीटरपर्यंतची असते, म्हणजे हातात नीट बसणारा एक दगड सहज दीड-दोनशे ग्रॅम भरतो. क्रिकेटचा चेंडू १६० ग्रॅमच्या आसपास असतो. आता तुमच्या मुलाने तो दगड ताशी ५० किलोमीटरने फेकला असं धरू. समोरून येणाऱ्या ९० च्या गाडीवर तो आदळतो तेव्हा दोन्ही वेग जमा होतात, १४०. हा वेगवान गोलंदाजाचा वेग झाला. फलंदाजाकडे हेल्मेट असतं, पॅड असतात, आणि चेंडू येणार आहे हे त्याला माहीत असतं. खिडकीशी डुलकी घेणाऱ्या माणसाकडे यातलं काहीच नसतं.

मार बसतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग दुप्पट झाला की मार चौपट. ५० चा दगड १४० ने लागला तर मार जवळजवळ आठपट होतो. दगड समोरून न मारता बाजूने, अगदी काटकोनात मारला तरी सुटका नाही. ५० आणि ९० मिळून तो आतल्या माणसाला १०३ च्या वेगाने लागतो, म्हणजे चौपटीहून जास्त मार. “मी हळूच मारला होता” या वाक्याला धावत्या गाडीसमोर अर्थ उरत नाही, कारण जोर मुलाच्या हाताचा नसतो, गाडीचा असतो. हे कळलं की मुलं एकदम गप्प होतात, असा माझा अनुभव आहे.

उलट दिशेनेही हेच गणित चालतं. भाईंदर आणि नायगावच्या मधल्या खाडीपुलावरून जाताना लोकलमधले प्रवासी निर्माल्य आणि नारळ खाडीत टाकतात. २०२५ मध्ये अशाच एका नारळाने पुलावरून चालत जाणाऱ्या पाणजू बेटावरच्या एका तरुणाचा जीव घेतला. टाकणाऱ्याच्या मनात श्रद्धा होती. नारळ हातातून सुटला तेव्हा त्याच्यात गाडीचा वेग होता.

होळीच्या दिवसांतले पाण्याचे फुगे आणि पिशव्या याच जातीच्या. पाणी मऊ असतं हा समज बादलीतल्या पाण्यापुरता ठीक आहे. पाव किलो पाण्याची गाठ मारलेली पिशवी धावत्या गाडीच्या दारातल्या माणसाच्या तोंडावर बसली तर डोळा जाऊ शकतो. आणि डोळा वाचला तरी दचकून दांडीवरचा हात सुटतो. गर्दीच्या वेळी दारात लोंबकळणाऱ्याला तेवढं पुरतं. फटका गँग ठाऊक असेल तुम्हाला, दारातल्या माणसाच्या हातावर काठी मारून मोबाईल पाडणारी टोळी. त्या एका फटक्याने तोल जाऊन किती जणांचे पाय गेले आहेत. मोबाईलची चोरी ही त्यातली लहान गोष्ट आहे.

माझ्या कॅबमध्ये काय होतं तेही सांगतो, कारण बाहेरच्यांना हे माहीत नसतं. लोकलच्या पुढच्या कॅबमध्ये मोटरमन एकटा असतो. गार्ड, म्हणजे आताचा ट्रेन मॅनेजर, शेवटच्या डब्यात. पुढची काच दोन थरांची असते, मध्ये पातळ पडदा असतो, त्यामुळे ती फुटली तरी सहसा कोसळत नाही, तिला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात. बऱ्याच गाड्यांना काचेपुढे लोखंडी जाळीही असते, ती दगडांसाठीच. तरी माझ्यावर एकदा काचेचा बारीक चुरा उडाला होता. डोळे आपोआप मिटले. ते मिटलेले असताना सेकंदाला २५ मीटर या हिशेबाने गाडी पुढे चालली होती आणि पुढचा सिग्नल मला पाहायचा होता. आमच्या हाताखालचं हँडल दाबून धरावं लागतं. मोटरमन कोसळला आणि हात सुटला की ब्रेक आपोआप लागतो, त्याला आम्ही डेड मॅन हँडल म्हणतो. पण ब्रेक लागला म्हणून गाडी जागेवर थांबत नाही, काहीशे मीटर जाऊन थांबते. गर्दीच्या वेळी मागे चार-पाच हजार माणसं असतात. त्या क्षणी त्या सगळ्यांची जबाबदारी डोळे मिटलेल्या एका माणसावर असते.

एसी लोकल आणि वंदे भारतच्या बंद काचांमुळे प्रवासी जरा सुरक्षित झाले, पण दगड थांबले नाहीत. जुलै २०२३ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं होतं की २०१९ ते जून २०२३ या काळात वंदे भारत गाड्यांचं दगडफेकीने ५५ लाख ६० हजार रुपयांचं नुकसान झालं आणि १५१ जणांना अटक झाली. काचेचे पैसे मोजता येतात म्हणून तो आकडा निघतो.

आता एक गोष्ट जी तुमच्या प्रश्नात नव्हती, पण आई म्हणून तुम्हाला आधी कळायला हवी. या खेळात सर्वात जास्त धोक्यात तुमचा मुलगाच आहे. डब्याच्या पत्र्यावर आदळलेला दगड उसळून परत मारणाऱ्यांकडेच येऊ शकतो. मुलं एका गाडीकडे पाहत असतात आणि बाजूच्या रुळावरून दुसरी येते. पहिलीच्या आवाजात दुसरीचा आवाज आणि हॉर्न दोन्ही बुडतात. वर २५,००० व्होल्टची तार आहे. तिला हात लावायचीही गरज नसते, ओली दोरी, लोखंडी सळई किंवा पतंगाचा मांजा जवळ गेला तरी विजेचा झटका बसू शकतो. खडी उचलायला रुळांपर्यंत जावंच लागतं, म्हणजे ही मुलं रोज तिथे जात आहेत. माझ्या नोकरीत रुळांवर मी जे पाहिलं त्यात लहान मुलंही होती. त्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही.

शिवाय त्याला हळूच विचारा, ही मुलं रुळावर खडी ठेवून गाडीखाली तिचा चुरा होताना पाहतात का. दगड मारणारी मुलं बऱ्याचदा हेही करतात. ते आणखी गंभीर आहे. रेल्वे कायद्यात त्याचं कलमच वेगळं आहे, गाडी घसरवण्याच्या प्रयत्नाचं.

कायद्याबद्दल. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १५२ नुसार प्रवाशांना इजा करण्याच्या हेतूने, किंवा इजा होऊ शकते हे माहीत असताना गाडीवर दगड, लाकूड किंवा काहीही फेकलं तर जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मुद्दाम प्रवाशांची सुरक्षितता धोक्यात आणली तर कलम १५३, पाच वर्षांपर्यंत. निष्काळजीपणाने घडलं तर कलम १५४, एक वर्षापर्यंत. कोणतं कलम लागेल ते काय घडलं, कुणाला लागलं आणि हेतू काय दिसतो यावर ठरतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ७ वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा धरत नाहीत, आणि ७ ते १२ मध्ये मुलाला परिणामांची समज होती का ते पाहतात. तुमच्या मुलाने १२ पूर्ण केली आहेत, त्यामुळे ही सवलत त्याला मिळणार नाही. मात्र तो १८ च्या आतला असल्याने प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, तुरुंगात नाही. हे त्याला जसंच्या तसं सांगा, वाढवूनही नको आणि लपवूनही नको.

चौकीत नेऊन घाबरवावं का? माझं मत, नको. घाबरलेली मुलं दगड मारणं सोडत नाहीत, जागा बदलतात. दिवसा मारणारी अंधार पडल्यावर मारू लागतात, आणि मग कोणी पाहत नाही. शिवाय उद्या खरंच काही घडलं तर तो तुमच्याकडे यायच्या ऐवजी लपेल. पण इथे एक अट आहे. त्यांच्या दगडाने कुणाला लागलं आहे असं तुम्हाला कळलं, तर मात्र थांबू नका. त्याला बरोबर घेऊन स्वतः आरपीएफ किंवा लोहमार्ग पोलिसांकडे जा, जमल्यास ओळखीच्या वकिलांना विचारून. मुलाचं नाव पुढे न येऊ देण्याचा विचार मनात येईल, आईच्या मनात तो येणारच, पण ज्याचा डोळा गेला असेल तोही कुणाचा तरी मुलगा किंवा मुलगी आहे.

बाकी बरंच काही परिस्थितीवर आहे. तुमचा मुलगा स्वतः मारतो की इतरांबरोबर उभा राहतो? टोळीत एखादा मोठा, पंधरा-सोळाचा मुलगा आहे का, जो पैज लावतो? तसं असेल तर एकट्या तुमच्या मुलाशी बोलून भागणार नाही, बाकीच्या आयांना एकत्र घ्यावं लागेल. मैदान आणि रूळ यांमधली भिंत पडलेली असेल तर १३९ या रेल्वेच्या हेल्पलाइनवर फोन करून कळवा, आणि जवळच्या आरपीएफ ठाण्यात लेखी अर्जही द्या. अर्जात ओव्हरहेड तारेच्या जवळच्या खांबाचा नंबर लिहा. प्रत्येक खांबावर किलोमीटर आणि क्रमांक रंगवलेला असतो. ‘अमुक मैदानाजवळ’ असं लिहिलं तर अर्ज फिरत राहतो, खांबाचा नंबर असला की माणूस नेमका तिथे पोचतो. मात्र नंबर पाहायला रुळात जाऊ नका, फलाटाच्या टोकावरून किंवा पादचारी पुलावरून दिसेल. मुलांशी बोलण्यासाठी आरपीएफची माणसं शाळेत येऊ शकतात, मुख्याध्यापकांना सुचवून पाहा. नेम धरण्याची हौस मारू नका. मैदानातच एक स्टंप रोवून द्या, वीस पावलांवरून थेट फेक कुणाची लागते ते खेळू द्या. हात तोच, मजा तीच.

तुम्ही शेवटी लिहिलं आहे की तुम्ही स्वतः रोज लोकलने जाता, तेव्हा एवढं सांगतो. ज्या पट्ट्यात दगड येतात ते रोजच्या प्रवाशांना माहीत असतं, तिथे खिडकी बंद करा, कपाळ गजांना टेकवून झोपू नका. डोळ्याला लागलं तर चोळायचं नाही, आत काही रुतलं असेल तर ओढून काढायचं नाही, डोळा दाबायचाही नाही. कागदी कपासारखं काही डोळ्यावर न दाबता अलगद झाकण म्हणून धरा. दोन स्टेशनांच्या मध्ये साखळी ओढली तर गाडी जिथे थांबेल तिथे ना डॉक्टर, ना स्ट्रेचर. बहुतेक वेळा पुढचं स्टेशन दोन-चार मिनिटांवर असतं, तिथे उतरा, स्टेशन मास्तरांना सांगा, १३९ ला फोन करा. रस्त्यावर गाडी चालवताना काचेवर दगड बसला तर हाच नियम जरा बदलून लागू होतो. करकचून ब्रेक नको, स्टिअरिंग झटकायचं नाही. वेग हळूहळू कमी करत पुढे चला, त्याच जागी थांबू नका, उजेड आणि माणसं दिसतील तिथे थांबून ११२ ला, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ लाही फोन करा.

आता मुख्य काम, जे मी तुमच्या जागी असतो तर पहिलं केलं असतं. एखाद्या सुट्टीच्या दुपारी, गर्दी नसताना, मुलाला लोकलने घेऊन जा. रविवार असेल तर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, आहे का ते आधी पाहा. मैदान ज्या बाजूला येतं त्या बाजूची खिडकी त्याला द्या आणि काही बोलू नका. मैदान शंभर मीटर लांब असेल तर त्याला ते फक्त चार सेकंद दिसेल. पण त्या चार सेकंदांत त्याला तिथली मुलं ओळखू येतील, कोण कुठे उभा आहे, कुणाच्या हातात काय आहे. बाहेरून आतलं माणूस दिसत नाही, आतून बाहेरचं सगळं दिसतं. मग डब्यात इकडेतिकडे पाहू द्या. कुणी झोपलेलं असेल, कुणी अभ्यास करत असेल, कुणी भाजी निवडत असेल. परतताना पुन्हा तोच पट्टा येईल तेव्हा त्याला विचारा, दगड आला तर यातल्या कुणाला लागेल. उत्तर त्यालाच देऊ द्या.

बाबांना सांगायचंच, लपवू नका. तुम्ही लिहिलं आहे की त्यांचा हात पटकन उठतो, म्हणून क्रम उलटा करा. आधी हा प्रवास होऊ द्या. परत आल्यावर मुलानेच बाबांना सांगावं, तुम्ही शेजारी बसा, आणि त्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत बाबांनी मध्ये बोलायचं नाही एवढं त्यांच्याकडून आधी कबूल करून घ्या.